शेवटल्या रांगेतील मजूर : जोसेफ आर्च यांचे चरित्र

इंग्लंड देशाचे नाव निघाले म्हणजे पुष्कळांच्या मनात मोठी शहरे, कारखाने आणि संपत्ती हीच येतात. परंतु त्या देशातही खेडी आहेत. आणि एकोणिसाव्या शतकात तेथील शेतमजुराची स्थिती फार हलाखीची होती. अशाच एका मजुराचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

जोसेफ आर्च यांचा जन्म वॉरिकशायर परगण्यातील बारफर्ड गावी १० नोव्हेंबर १८२६ रोजी झाला. बाप मेंढपाळ होता, व आई लोकांचे कपडे धुऊन संसारास हातभार लावी. त्या काळी खेड्यातील प्रत्येकाची पायरी ठरलेली असे. सर्वांच्या वर जमीनदार व पाळकसाहेब. त्यांच्या खाली खंडाने जमीन करणारे शेतकरी. त्यानंतर दुकानदार, गाड्यांची चाके करणारा सुतार व लोहार. आणि अगदी तळाशी नांगऱ्या, मेंढपाळ, चर खणणारा असे मजूर लोक. पुष्कळ मजूर धन्याच्याच झोपडीत राहत; काम गेले की घरही जाई. आर्च कुटुंबाचे एक भाग्य असे की, जोसेफच्या आजाने आपली झोपडी स्वतः विकत घेऊन ठेविली होती. त्या चार भिंतींच्या आधारावर या घराण्यास मान ताठ ठेविता आली.

जोसेफ सुमारे सात वर्षांचा असता एके रविवारी त्याचा बाप प्रभुभोजन घेण्यास मंदिरात थांबला. मुलांस बाहेर जावे लागले. तेव्हा काय चालते ते पाहावे म्हणून या मुलाने दाराच्या कुलपाच्या भोकातून आत डोकावले. प्रथम जमीनदार वेदीपाशी गेला, मग शेतकरी, मग दुकानदार, सुतार व लोहार, आणि सर्वांच्या शेवटी, जाडेभरडे अंगरखे घातलेले मजूर. त्यांच्याबरोबर दुसऱ्या कोणी गुडघे टेकिले नाहीत. जणू काय त्यांचा विटाळच होत होता. आपला सालस, भक्तिमान बाप प्रभूच्या मेजाशीही शेवटचाच, हे पाहून मुलाच्या काळजास जी जखम झाली ती जन्मभर बुजली नाही.

पाळकाच्या घरून गरिबांस रस्सा व कोळसा वाटला जाई. परंतु त्याबरोबर पाळकीणबाईंचे हुकूमही येत. एकदा शाळेतील मुलींचे केस एका ठराविक तऱ्हेने कापावे असा हुकूम निघाला. जोसेफच्या आईने तो मानिला नाही. तेव्हापासून त्या घरी रस्सा व कोळसा येण्याचे बंद झाले. तिने उपास पत्करिले, पण लेकरांस लाचारी शिकविली नाही.

जोसेफचे शिक्षण अवघे तीन वर्षांचे. नवव्या वर्षी तो रोज ४ पेन्सवर, म्हणजे शिलिंगाच्या तिसऱ्या हिश्शावर, शेतात पाखरे हाकण्यास लागला. काम बारा तासांचे असे. पुढे तो नांगरामागे गेला, आणि शेवटी जिवंत झाडांची कुंपणे छाटून विणण्याच्या कामात इतका निष्णात झाला की, दूरदूरच्या परगण्यांतून त्यास बोलावणी येत. १८४७ साली त्याचे लग्न झाले व सात मुले झाली. प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट मंडळीत तो बिनपगारी उपदेशक झाला. आठवडाभर हाती कोयता आणि रविवारी हाती शास्त्र, असा त्याचा क्रम होता. खेडुतांशी खेडुतांच्या भाषेत बोलण्याची कला त्यास या सेवेतच लाभली.

७ फेब्रुवारी १८७२ रोजी वेल्सबर्न गावच्या मजुरांनी आर्च यांस भाषणास बोलाविले. पाचपन्नास लोक येतील असे वाटले होते. आले सुमारे दोन हजार. काळोखात बांबूंसारख्या काठ्यांवर कंदील टांगून, एका मोठ्या झाडाखाली, डुक्कर कापण्याच्या बाकावर उभे राहून ते बोलले. मजुरी आठवड्यास १२ शिलिंग, तीही सर्वत्र नव्हे. मजुरांनी १६ शिलिंग मागितले. त्याच वर्षी मे महिन्यात लेमिंग्टन येथे सबंध देशाच्या शेतमजुरांचा संघ स्थापन होऊन आर्च अध्यक्ष झाले. १८७४ पर्यंत सभासद ८६ हजारांवर गेले. गंजी जाळू नका, दांडगाई करू नका, असा आर्च यांचा आग्रह असे.

या कामी ख्रिस्ती पुढाऱ्यांचे वर्तन काय होते, हे सांगणे आम्हांस जड जाते. पण झाकून ठेवणे बरे नव्हे. डेव्हन परगण्यात गर्डलस्टन नावाच्या पाळकांनी मजुरांचा पक्ष घेतला व शेकडो कुटुंबांस अधिक मजुरीच्या ठिकाणी पोहोचविले. परंतु १८७३ साली ऑक्सफर्डशायरातील अ‍ॅस्कॉट गावच्या सोळा बायांस, संपाच्या वेळी बाहेरून आणलेल्या मजुरांस अडविल्याबद्दल, सक्तमजुरीची शिक्षा झाली. दोघींच्या कडेवर तान्ही मुले होती. ही शिक्षा ठोठावणारे दोघेही न्यायाधीश पाळकच होते.

१८७४ साली पूर्वेकडील शेतकऱ्यांनी संघाच्या मजुरांस कामावरून काढिले. संघाचा पैसा सरला, मजूर हरले, आणि संघ पुढे खचत गेला. तथापि पेरलेले बी वाया गेले नाही. १८८४ च्या कायद्याने खेड्यांतील मजुरांस मताचा हक्क मिळाला, व १८८५ साली नॉर्फोकच्या मजुरांनी आर्च यांस पार्लमेंटात पाठविले. पुढील वर्षी ते पडले; परंतु १८९२ पासून १९०० पर्यंत पुन्हा सभासद होते. १२ फेब्रुवारी १९१९ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, ज्या झोपडीत जन्मले तिच्यातच त्यांनी देह ठेविला.

प्रियजनहो, या मनुष्याने शेवटल्या रांगेस कंटाळून ख्रिस्तास सोडिले नाही. ज्यांनी ती रांग लाविली त्यांस तो सोडून गेला. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठीवाला व मळकट वस्त्राचा गरीब यांविषयी जो इशारा दिला आहे, तो बारफर्डच्या मंदिरातही दर वर्षी वाचला जात असेलच. वाचणे निराळे आणि जागा करून देणे निराळे. आपल्या मंडळ्यांतही प्याला प्रथम कोणाकडे जातो व शेवटी कोणाकडे, चटईवर कोण पुढे बसतो व दाराशी कोण, हे उपदेशकांनी येत्या प्रभुभोजनाच्या वेळी नीट पाहावे. मोठी माणसे पाहत नसतील. पण दाराच्या फटीतून एखादे लेकरू पाहत असते, आणि जे दिसले ते ते विसरत नाही.