मारिया सबिना आणि पावसाळ्यातली अळंबी

मागच्या पावसाळ्यात ओपीडीत एका कॉलेजच्या मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. काचेच्या बरणीत साखरेचं पाणी, त्यात तरंगणारा कापसासारखा पांढरा पुंजका. बुरशीचं पातळ विरजणच म्हणा ना. त्यावरून घरच्या घरी जादूची अळंबी वाढवता येते आणि ती नैराश्यावर चालते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. मित्रासाठी विचारतोय, म्हणाला. मित्रासाठी विचारणारे पेशंट आम्हा डॉक्टरांना नवे नाहीत. त्याला खुर्चीत बसवलं, झोप-जेवणाची चौकशी केली आणि मग मेक्सिकोतल्या एका आजीची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो.

मारिया सबिनाचा जन्म 1894 सालचा, ओआहाका प्रांतातल्या हुआउत्ला या डोंगरी गावचा. आपलं तोरणमाळ-धडगाव डोळ्यांपुढे आणा: उतारावरचा मका, पावसाळ्यात ढगात बुडालेली घरं, बाजाराला जायचं तर पायपीट. जमात माझातेक, भाषाही तीच. तिला स्पॅनिश येत नव्हतं आणि अक्षरओळखही नव्हती. वडील लहानपणीच गेले. आजोळी बहिणीबरोबर गुरं राखताना भूक लागली की रानातली अळंबी खायची. त्यातली काही अळंबी वेगळी आहे, हे तिला तेव्हाच कळलं. चौदाव्या वर्षी लग्न झालं, विशीत वैधव्य आलं, पदरात तीन मुलं. दुसरा नवरा दारुडा आणि मारकुटा निघाला. त्या लग्नातली बहुतेक मुलंही जगली नाहीत.

दोन लग्नांच्या मधल्या काळात बहीण आजारी पडली. जाणत्यांनी हात टेकले तेव्हा मारियाने स्वतः अळंबी घेऊन रात्रभर बहिणीपाशी बसून उपचार केला. बहीण बरी झाली आणि मारियाचं नाव झालं. तिथला रिवाज कडक होता. अळंबी घ्यायची ती फक्त आजारासाठी, रात्री, अंधारात, जाणत्या माणसाच्या सोबतीने. पहाटेपर्यंत ती गात असे. रविवारी चर्चलाही जात असे, त्यात तिला काही विसंगत वाटत नव्हतं. आपल्याकडे भगताकडे जाऊन आलेला पेशंट दवाखान्यात इंजेक्शन घेतो, तसंच काहीसं.

जून 1955 मध्ये न्यूयॉर्कमधल्या बँकेचा एक बडा अधिकारी, गॉर्डन वॉसन, हुआउत्लात आला. त्याला अळंबीचा अभ्यास करायचा होता, आजारी तो नव्हता. गावच्या अधिकाऱ्याने शब्द टाकला म्हणून मारियाने त्याला बसू दिलं. नाही कसं म्हणणार? मे 1957 मध्ये त्याचा लेख लाइफ मासिकात फोटोंसह छापून आला. तिचं आणि गावाचं नाव त्याने बदललं होतं, पण लोकांनी शोधून काढलंच.

विज्ञानाला मात्र यातून मोठा लाभ झाला. फ्रेंच बुरशीतज्ज्ञ रोजे हाइम यांनी ती अळंबी पॅरिसच्या प्रयोगशाळेत वाढवली. स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ कंपनीच्या आल्बर्ट हॉफमन यांनी 1958 मध्ये तिच्यातून सायलोसायबिन वेगळं काढलं. शरीरात त्याचं सायलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या ग्राहकांवर काम करतं. 1962 मध्ये हॉफमन स्वतः हुआउत्लाला गेले आणि तिला गोळ्या दिल्या. रात्रभर तपासून, त्यांत अळंबीचीच शक्ती आहे, असा निर्वाळा तिने दिला. औषधशास्त्राच्या इतिहासात इतकी सरळ परीक्षा मी दुसरी वाचलेली नाही.

गोळ्यांपाठोपाठ माणसं आली. साठच्या दशकात परदेशी तरुणांचे जथे हुआउत्लात उतरले. रोगी नाही, रिवाज नाही, दिवसाढवळ्या खायचे आणि रस्त्यात पडायचे. पोलिस आले, लष्कर आलं. मादक पदार्थ विकत असल्याच्या संशयावरून तिच्यामागे चौकशी लागली. गावाने दोष तिलाच दिला. तिचं घर जाळलं गेलं. परके आल्यापासून अळंबीतलं बळ गेलं, असं ती उतारवयात सांगत असे.

त्या मुलाला मी दोन गोष्टी नीट समजावल्या. नैराश्यावर सायलोसायबिनच्या चाचण्या चालू आहेत हे खरं, पण तिथे मात्रा मोजलेली असते, घरात मानसिक आजार आहे का ते आधी विचारलेलं असतं आणि शेजारी प्रशिक्षित माणूस तासन्‌तास बसलेला असतो. बरणीत यातलं काहीच नसतं. शिवाय भारतात हा पदार्थ एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे. रानात शोधायला जाल तर विषारी अळंबीची उलटी सहा-बारा तासांनी सुरू होते, मध्येच बरं वाटतं आणि मग यकृत जातं. त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि मित्राबद्दल नव्हे, स्वतःबद्दल बोलायला लागला. नैराश्यावरचं साधं औषध सुरू केलं. आता महिन्याला येतो.

मारिया सबिना 22 नोव्हेंबर 1985 रोजी ओआहाका शहरातल्या रुग्णालयात वारली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, गरिबीतच. भारतात एनडीपीएस कायदा लागू होऊन त्या दिवशी आठ दिवस झाले होते.