ॲडम पोलिट्झर

ॲडम पोलिट्झर (१ ऑक्टोबर, इ.स. १८३५:अल्बर्टी, हंगेरी - १० ऑगस्ट, इ.स. १९२०:व्हियेना, ऑस्ट्रिया) हे ऑस्ट्रियन कर्णरोगतज्ज्ञ होते. ऑटोस्क्लेरोसिस या बहिरेपण आणणाऱ्या विकाराचे मूळ अंतर्कर्णाभोवतीच्या हाडात असते, हे त्यांनी दाखवून दिले.

जीवन

पोलिट्झर यांचा जन्म एका ज्यू कुटुंबात झाला. इ.स. १८५९मध्ये व्हियेना येथे वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनी हेल्महोल्ट्झ, क्लोद बेर्नार आणि लंडनचे जोसेफ टॉयन्बी यांच्याकडे अभ्यास केला. इ.स. १८७३मध्ये व्हियेनाच्या सार्वजनिक रुग्णालयात विद्यापीठाचा कर्णरोग विभाग सुरू झाला. योझेफ ग्रुबर यांच्यासह ते त्याचे प्रमुख होते. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले रॉबर्ट बारानी याच विभागात काम करीत. पोलिट्झर हे कुशल चित्रकारही होते. त्यांनी लिहिलेला कर्णरोगशास्त्राचा इतिहास दोन खंडांत (१९०७ व १९१३) प्रसिद्ध झाला.

संशोधन

इ.स. १८६३मध्ये त्यांनी मध्यकर्णात हवा भरण्याची सोपी पद्धत सांगितली. रुग्ण पाण्याचा घोट गिळत असताना रबरी फुग्याने नाकपुडीतून हवा दाबली जाते. त्यामुळे नळी आत सारण्याचा त्रास टळला. ही पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हळूहळू वाढणारे बहिरेपण हा त्या काळी बहुधा मध्यकर्णाच्या अस्तराचा जुनाट दाह समजला जाई आणि त्यावरही हवा भरण्याचाच उपचार होई. मृत रुग्णांच्या कानांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून पोलिट्झर यांनी इ.स. १८९३मध्ये वेगळा निष्कर्ष मांडला: अंतर्कर्णाभोवतीच्या हाडातच विकृत वाढ होते आणि तीमुळे रिकिबीच्या आकाराचे स्टेपीस हे हाड जखडले जाते. अशा रुग्णांना हवा भरून फारसा लाभ होण्याजोगा नव्हता. म्हणजे त्यांच्याच सर्वांत लोकप्रिय उपायाची मर्यादा या शोधाने उघड झाली.

नंतरचे उपचार

जखडलेले स्टेपीस काढून कृत्रिम भाग बसवण्याची शस्त्रक्रिया जॉन शे यांनी इ.स. १९५६मध्ये केली. मात्र विकार शंखाकृती कोक्लियापर्यंत पोहोचून श्रवण फारच घटले, तर ती पुरेशी ठरत नाही. अशा वेळी कोक्लियर इम्प्लांट बसवतात. त्याचे विद्युतअग्र ध्वनीचे संकेत थेट श्रवणचेतातंतूंना देते. बहुमार्गी इम्प्लांटच्या सुरुवातीच्या शस्त्रक्रियांपैकी एक इ.स. १९७७मध्ये पोलिट्झर यांच्याच व्हियेनात झाली. या रुग्णांत कोक्लियाच्या पोकळीत हाड वाढलेले असल्यास विद्युतअग्र आत सरकवणे कठीण जाते. सच्छिद्र झालेल्या हाडातून वीजप्रवाह जवळच्या चेहऱ्याच्या चेतातंतूपर्यंत गेला, तर चेहऱ्याचे स्नायू फडफडतात. मग तेवढी विद्युतअग्रे बंद ठेवावी लागतात.