खाँसाहेबांचा सूर आणि घरचा संगणक

धाराशिव शहरातील जुन्या वस्तीत, एका निवृत्त शिक्षकांच्या घरी संगणकावर गाणे ऐकण्याचा योग मध्यंतरी आला. गृहस्थ गाण्याचे निस्सीम भोक्ते. आयुष्यभर जमवलेल्या कॅसेट त्यांनी केव्हाच संगणकावर उतरवून घेतल्या आहेत, शिवाय इकडूनतिकडून मिळालेला संग्रहही मोठा आहे. त्या संध्याकाळी त्यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी लावली आणि स्वतःच खंतावले. सूर पातळ, चिरका, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. आता महागडे स्पीकर घ्यावेत काय, अशी त्यांची पृच्छा होती. ज्या गायकाने सुराच्या शुद्धतेपायी आयुष्य वेचले, त्याच्याच बाबतीत ही तक्रार व्हावी, याचे वाईट वाटले. स्पीकरचा विचार करण्यापूर्वी खाँसाहेबांच्या चरित्राकडे एकवार पाहणे म्हणूनच अप्रस्तुत ठरणार नाही.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म उत्तर प्रदेशातील कैराना येथे १८७२ मध्ये झाला. घराणे सारंगियांचे आणि गवयांचे. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. गळ्याबरोबरच सारंगी, बीन, सतार यांवरही त्यांचा हात बसला. गाण्यात सारंगीची सलगता आणि बीनेची मींड उतरली ती या संस्कारातून, असे जाणकार मानतात. तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्यासह ते बडोद्याच्या दरबारी गायले. तेथेच सरदार माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. पुढे दोघांनी बडोदे सोडले, विवाह केला आणि दक्षिणेची वाट धरली.

ही वाट अखेर मिरजेस येऊन स्थिरावली. मिरजेत दुखण्यातून उठल्यावर ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा जडली आणि तेथील उरुसात गाण्याची हजेरी हा त्यांचा नेम झाला. मिरजेचे दुसरे आकर्षण म्हणजे तेथील तंतुवाद्यांचे कारागीर. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सुरू झालेली ही परंपरा आजही टिकून आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेब तंबोरा केवळ लावत नसत, तर वाद्यांची दुरुस्तीही स्वतः करीत. गवयाने हत्यारे घेऊन वाद्याशी झटावे, हे त्या काळी विरळाच होते.

तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली सुताचा एक बारीकसा धागा असतो. तो केसभर सरकवला की तारेचा नाद बदलतो. तार घोडीच्या किंचित गोलाकार पृष्ठभागाला घासत कंप पावते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर उमलतात. यालाच जवारी लागणे म्हणतात. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार ऐकू येतो. तो खर्जाचा पाचवा उपस्वर होय. पेटीवरचा गांधार त्याहून थोडा चढा असतो. कान तयार असलेल्याला हा फरक खटकतो, आणि खाँसाहेबांचे कान तर त्याच गांधारावर पोसलेले होते.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त सरकारी अधिकारी याच सुमारास बावीस श्रुतींचे गणित मांडत होते. त्यांच्या प्रयोगांना खाँसाहेबांच्या गळ्याचे साह्य लाभले. देवलांचे इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि न्यायखात्यातील अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी श्रुतींची पेटीही करवून घेतली. १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत या विषयावर बरेच वादंग झाले. पंडित भातखंडे यांना असे काटेकोर श्रुतिगणित मान्य नव्हते. वादात कोण जिंकले, हा प्रश्न येथे गौण आहे. दरबारी परंपरेतला एक उस्ताद आपला सूर मोजमापाच्या यंत्रापुढे नि:शंकपणे ठेवतो, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. गरीब विद्यार्थ्यांना ते घरी ठेवून शिकवीत. संस्थेची आर्थिक घडी मात्र कधीच नीट बसली नाही. संसारही मोडला; ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ती मुले म्हणजे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही पुढे गाजलेली नावे. सवाई गंधर्व आणि रोशनआरा बेगम हे त्यांचे शिष्य. सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी बालपणी खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकेनेच गाण्याकडे ओढले गेले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहेच.

मिरजेहून निघालेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९२७ पासून कुर्डुवाडी, बार्शी, येडशी करीत थेट लातूरला जाऊ लागली. निजामी राजवटीतला आपला जिल्हा त्या वाटेने मिरजेशी जोडला गेला, पण धाराशिव शहर मात्र त्या रुळांपासून दूरच राहिले. आडबाजूच्या गावांत मोठ्या गवयाचे गाणे पोहोचे ते बहुधा तबकडीवरूनच.

तबकडीसाठी खाँसाहेब दोन वेगळ्या युगांत गायले. १९०५ च्या सुमारास भोंग्यापुढे तोंड करून गावे लागे. वीज नाही, मायक्रोफोन नाही. आवाजाच्याच जोराने सुई मेणावर रेघ कोरी. उपस्वरांचा मोठा भाग त्यात गळून पडे. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले. ओडियन कंपनीसाठी १९३० च्या दशकाच्या मध्यास ते जे गायले, ते या नव्या पद्धतीने. झिंझोटी, भैरवी, बसंत या लोकप्रिय तबकड्या त्याच काळातल्या. एका बाजूस सुमारे तीन मिनिटे. एवढ्या अवकाशात राग उभा करणे हे त्यांचे कसब. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील एक कृतीही त्यांनी मुद्रित केली, कारण कर्नाटक संगीताची ओढ त्यांना जुनीच होती.

त्या ओढीनेच ते १९३७ मध्ये मद्रासकडे गेले होते. पाँडिचेरीस निघाले असता गाडीत छातीत कळ आली, तेव्हा सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले, तंबोरा लावून घेतला आणि दरबारीच्या स्वरांत प्रार्थना म्हणत त्यांनी देह ठेवला. ती तारीख २७ ऑक्टोबर. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे.

हे सारे त्या संध्याकाळी शिक्षकांच्या घरी बोलून झाले आणि आम्ही संगणकाकडे वळलो. स्पीकर अगदीच वाईट नव्हते. दोष मुळातच होता. त्यांच्याकडची फाइल कमी दर्जाची एमपीथ्री, तीही कोणीतरी खरखर काढून ‘स्वच्छ’ केलेली. जुन्या तबकडीची खरखर आणि सुराचे वरचे उपस्वर एकाच पट्ट्यात नांदतात. संगणक प्रणालीने खरखर ओरबाडून काढली की तिच्याबरोबर उपस्वरही जातात आणि सूर पाण्याखालून आल्यासारखा होतो. एमपीथ्रीचे आणखी एक दुखणे असे, की खरखर ही अनियमित असल्याने ती साठवण्यातच मर्यादित जागेचा पुष्कळसा भाग खर्ची पडतो. पुनःप्रकाशित सीडीवरून तीच ठुमरी काही न गमावणाऱ्या फ्लॅक स्वरूपात उतरवून घेतली. खरखर परत आली, आणि खाँसाहेबही परत आले.

वेगाकडे सहसा कोणी पाहत नाही. तबकडी मिनिटाला ७८ फेरे अशी आपण धरून चालतो, पण जुन्या मुद्रणात हा आकडा नेहमीच नेमका नसे. सहा टक्के चूक झाली की स्वर जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढतो किंवा उतरतो. एकाच काळातल्या त्यांच्या चारपाच मुद्रिकांचा षड्ज ताडून पाहिला, तर विजोड प्रत सापडते आणि ऑडेसिटीसारख्या मोफत साधनाने तिचा वेग सुधारता येतो. खाँसाहेबांचा आवाज अतिशय बारीक होता असे म्हणणाऱ्यांनी, आपण ऐकलेली प्रत कोणत्या वेगाची होती हे एकदा तपासावे.

उरलेली कामे किरकोळ खर्चाची. संगणकातील कृत्रिम ‘ध्वनी सुधारणा’ बंद केल्या. सीडीचा नाद सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा असतो आणि संगणक तो ४८,००० वर नेत होता. ती मांडणी मूळ आकड्यावर आणली. आतील साउंड कार्ड संगणकाचा विद्युत कोलाहलही उचलते, म्हणून यूएसबीवर चालणारे एक साधे डॅक जोडले. गुणगुण तरीही राहिली, ती घराच्या अर्थिंगमुळे. वायरमनने ती दुसऱ्या दिवशी दूर केली. चोवीस बिटांच्या, प्रचंड आकाराच्या फाइलींचा सोस मात्र मी त्यांना धरू दिला नाही. तबकडीचे मुद्रण सुधारणाऱ्याला त्यांचा उपयोग असेल. १९३५ च्या आसपासच्या तबकडीत जे आहे ते सारे ऐकणाऱ्याच्या हाती द्यायला सीडीचा दर्जा पुरेसा आहे.

शेवटी खोली. शहाबादी फरशी, उघड्या भिंती, स्पीकर कोपऱ्यात भिंतीला टेकलेले. ते दोन हात पुढे घेतले, ऐकणाऱ्याच्या बैठकीशी त्यांचा समभुज त्रिकोण जुळवला, खाली जाड सतरंजी अंथरली आणि समोरच्या भिंतीवर गोधडी लावली. शिक्षकांच्या पत्नींना गोधडी काही रुचली नाही. तडजोड म्हणून ती फक्त गाण्याच्या वेळी लावायची, असे ठरले.