कर्मवीरांचे टाइमटेबल

कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. १८८७ साली कुंभोजला जन्म. शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांसाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा! पुढे १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. तिथे मुलांनी शेतात, बांधकामावर राबायचे आणि त्यावरच शिकायचे. कामाला शिक्षणातच जागा होती, हे मला फार मोठे वाटते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. औरंगपुऱ्यात एका पुस्तकांच्या दुकानात गठ्ठे उचलून फी भरतो. दुकान पाचला उघडते, शेवटचा तास साडेपाचला सुटतो. तो तास इतिहासाचा, माझ्या आवडीचा. १९५९ साली कर्मवीर गेले.