रेव्ह. गॉर्डन हॉल : तेरा वर्षांची पेरणी

महाराष्ट्रातील अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास सांगताना आपण बहुधा अहमदनगरपासून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरपासून, आरंभ करतो. १८३१ मध्ये तेथे मिशनचे काम सुरू झाले, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाला आणि पुढे रेव्ह. नारायण वामन टिळकांसारखे सेवक मंडळीला लाभले. हे पीक आपल्या डोळ्यांपुढे आहे. परंतु या पिकाच्या आधी सुमारे वीस वर्षे मुंबईत नांगरणी व पेरणी चालली होती आणि ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कापणी पाहिलीच नाही. त्यांतील अग्रणी म्हणजे रेव्ह. गॉर्डन हॉल. तेरा वर्षे एका शहरात राबून ज्याच्या पदरी सांगण्याजोगी मंडळीही पडली नाही, अशा सेवकाच्या आयुष्याचे मोल कसे करावे, हा प्रश्न त्यांचे चरित्र वाचताना वारंवार मनात येतो.

हॉल यांचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात एका शेतकरी कुटुंबात झाला. विल्यम्स महाविद्यालयातून ते १८०८ मध्ये पदवीधर झाले. याच महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी १८०६ मध्ये वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून परदेशातील सुवार्ताकार्यासाठी प्रार्थना केली होती. हॉल त्या प्रसंगी तेथे नव्हते, तथापि त्या तरुणांच्या मनात पेटलेला दिवा त्यांच्याही अंतःकरणात लागला. अँडोव्हरच्या धर्मशिक्षणसंस्थेत शिकत असताना त्यांचा निश्चय पक्का झाला. कनेक्टिकट प्रांतातील एका मंडळीने त्यांना पाळक म्हणून बोलावले. मानाची, स्थिर जागा होती. त्यांनी नम्रपणे नकार दिला. परदेशात उपयोगी पडावे म्हणून त्यांनी वैद्यकीचेही शिक्षण घेतले. ही विद्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्या सोबतीला राहिली.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या मंदिरात पाच तरुणांची दीक्षा झाली. अदोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, ल्यूथर राइस आणि गॉर्डन हॉल. अमेरिकेतील मंडळीने समुद्रापार पाठविलेला हा पहिला मोठा जथा. हॉल तेव्हा २७ वर्षांचे होते. त्याच महिन्यात फिलाडेल्फियाहून 'हार्मनी' जहाजाने ते निघाले आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्यास पोहोचले. जवळजवळ सहा महिने समुद्रावर गेले. घरी लिहिलेल्या पत्रालाही जाण्यास तेवढाच काळ लागे आणि उत्तर येण्यास पुन्हा तेवढाच. आईवडिलांचा निरोप घेणे म्हणजे काय होते, हे यावरून ध्यानात यावे.

कलकत्त्यात पाऊल ठेवताच कंपनी सरकारने त्यांना देश सोडून जाण्याचा हुकूम केला. १८०६ मध्ये वेल्लोर येथे शिपायांचा उठाव झाला होता. मिशनऱ्यांमुळे लोक बिथरतील, अशी कंपनीला धास्ती होती. त्यातच इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध जुंपल्याने हे तरुण शत्रूदेशाचे नागरिक ठरले. न्यूएल पतिपत्नी मॉरिशसला गेली. तेथे हॅरिएट न्यूएल ही १९ वर्षांची पत्नी नोव्हेंबर १८१२ मध्ये मरण पावली. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. हॉल आणि नॉट कुटुंब मुंबईची वाट धरून ११ फेब्रुवारी १८१३ रोजी तेथे उतरले.

मुंबईतही तोच हुकूम त्यांच्या मागोमाग आला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे बायबलप्रसाराविषयी आस्था बाळगणारे गृहस्थ होते, परंतु वरिष्ठांची आज्ञा त्यांना मोडवत नव्हती. या दोघांना इंग्लंडला पाठविण्याची तयारी झाली. तेव्हा हॉल आणि नॉट एका गलबतात बसून गुपचूप सिलोनच्या दिशेने निघाले. ते कोचीनपर्यंत पोहोचले आणि तेथून त्यांना परत मुंबईस आणण्यात आले. या पलायनामुळे गव्हर्नरसाहेब स्वाभाविकपणे दुखावले. दोघांनीही आपल्या वागण्याचे सविस्तर कारण त्यांना लिहून कळविले. डिसेंबर १८१३ मध्ये, रवानगीची घटका अगदी जवळ आली असता, हॉल यांनी नेपियनसाहेबांना आणखी एक पत्र लिहिले. सुवार्ता सांगण्यास आलेल्या माणसांना घालवून दिल्याबद्दल परमेश्वराच्या न्यायासनासमोर काय उत्तर देणार, असा त्या पत्राचा आशय होता. त्यांना राहू देण्यात आले. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने कंपनीच्या सनदेत बदल करून मिशनऱ्यांना वाट मोकळी केली होती. हॉल यांच्या चिकाटीला काळानेही साथ दिली, असे म्हणावे लागेल.

राहण्याची परवानगी मिळाली आणि मग खरे काम सुरू झाले. या कामात नाट्य फारसे नव्हते. पहिले काम भाषेचे. मोल्सवर्थचा सुप्रसिद्ध कोश अजून निघायचा होता, तो १८३१ मध्ये निघाला. विल्यम केरी यांनी सेरामपूरहून काढलेले व्याकरण आणि लहानसा कोश, एवढीच छापील साधने होती. बाकी सारे पंडिताजवळ बसून आणि रस्त्यावर कान उघडे ठेवून शिकायचे. या ओळी मी बेंगळुरूच्या महादेवपुरा भागात बसून लिहीत आहे. नोकरीनिमित्त येथे आलेली आपली मराठी मुले भाजीवाल्याशी अडखळत कन्नडमध्ये चार शब्द बोलताना पाहिली, की हॉल यांच्या आरंभीच्या दिवसांची थोडी कल्पना येते. भाव विचारण्यापुरती भाषा काही आठवड्यांत येते. पाप, क्षमा, तारण यांविषयी बोलण्याइतकी भाषा येण्यास वर्षे लागतात आणि तीही ऐकणाऱ्यांच्या हसण्यातून व प्रश्नांतून येते.

हॉल यांचा दिवस चार कामांत वाटलेला असे. भाषेचा अभ्यास, शास्त्राचे भाषांतर, शाळांची देखरेख आणि लोकांशी संभाषण. मुंबईत तेव्हा मिशनचे स्वतःचे प्रार्थनामंदिर नव्हते. बाजार, देवळांची आवारे, तळ्यांचे काठ, लोकांच्या घरांचे ओटे हेच त्यांचे व्यासपीठ. ते पायी फिरत, चार माणसे जमली की बोलत. कोणी वाद घाली, कोणी थट्टा करी, बहुतेक जण ऐकून आपल्या वाटेने जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच फेरी. १८१४ मध्ये पत्नीवियोगाचे दुःख उराशी घेऊन न्यूएल मुंबईस आले आणि हॉल यांना जिवाभावाचा सोबती मिळाला. १८१५ मध्ये नॉट यांना प्रकृतीमुळे परतावे लागले. हॉल आणि न्यूएल या दोघांनी मिळून जगातील कोट्यवधी लोकांपर्यंत सुवार्ता नेण्याच्या कर्तव्याविषयी एक पुस्तिका लिहिली. ती १८१८ मध्ये अमेरिकेत छापली गेली आणि तेथील मंडळ्यांना जाग आणणारी ठरली.

१८१५ पासून मिशनने मोफत मराठी शाळा उघडल्या. या शाळांतून बेने इस्राएल समाजातील मुलेही येत आणि त्या समाजातील शिक्षकही शिकवीत. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींसाठी शाळा काढली. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा उघडली ती १८४८ मध्ये. त्यापूर्वी चोवीस वर्षे ही पाटी-पेन्सिल मुलींच्या हाती देण्याचा हा प्रयत्न झाला होता, हे नमूद करावयास हवे.

भाषांतर हे हॉल यांच्या सेवेचे मर्म होय. केरी यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये सेरामपूरला छापला गेला होता, परंतु तो मोडी लिपीत होता आणि मुंबईपासून शेकडो कोस दूर तयार झाला होता. मुंबई-कोकणातल्या माणसाला आपलीशी वाटेल अशी वाणी हॉल यांना हवी होती. भाषांतराचे काम करणाऱ्याला ही अडचण चांगली ठाऊक असते. पाप, अवतार, मुक्ती, यज्ञ हे शब्द रिकामे नसतात. प्रत्येकाच्या मागे शतकांचा अर्थ उभा असतो. शब्द टाकावा तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही, घ्यावा तर भलतेच कळण्याचा संभव असतो. अशा वेळी कोश पुरे पडत नाही. त्या शब्दाने बाजारातल्या माणसाला काय वाटते, हे बाजारातच जाऊन पाहावे लागते. म्हणूनच हॉल यांची रोजची पायपीट आणि त्यांच्या मेजावरचे भाषांतर ही दोन वेगळी कामे नव्हती.

१८१६ च्या अखेरीस होरेशियो बार्डवेल हे मुद्रणाचे ज्ञान असलेले मिशनरी आले आणि १८१७ मध्ये मिशनच्या छापखान्यातून आठ पानांची पहिली मराठी शास्त्रपत्रिका बाहेर पडली. पुढे नव्या कराराची पुस्तके एकेक करून छापली जाऊ लागली. याच छापखान्यात नंतरच्या काळात थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली एक गरीब मुलगा काम शिकला. तो म्हणजे जावजी दादाजी, ज्यांनी पुढे 'निर्णयसागर' छापखाना काढून देवनागरी मुद्रणाला देखणे रूप दिले. पेरलेले बी कोणाच्या शेतात उगवेल, हे पेरणाऱ्याला ठाऊक नसते.

डिसेंबर १८१६ मध्ये हॉल यांचा विवाह मार्गारेट लुईस या इंग्रज स्त्रीशी झाला. परंतु या घराभोवती मृत्यूची सावली सतत होती. मे १८२१ मध्ये न्यूएल पटकीने गेले. डिसेंबर १८२४ मध्ये जॉन निकल्स गेले, १८२५ मध्ये एडमंड फ्रॉस्ट गेले. त्याच वर्षी मुलांच्या प्रकृतीसाठी हॉल यांनी पत्नी व दोन मुलांना अमेरिकेस रवाना केले. त्यांपैकी एक मुलगा समुद्रावरच मरण पावला. स्वतः हॉल मात्र मागे राहिले, कारण काम करणारे हात फारच थोडे उरले होते. दुसरा मुलगा गॉर्डन हा पुढे अमेरिकेत पाळक झाला.

या सेवकाला निर्दोष ठरविण्याची गरज नाही. येथील धर्म व चालीरीतींविषयी त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांत कठोर निवाडे आहेत. त्या काळच्या मिशनऱ्यांची ती सर्वसाधारण दृष्टी होती. ज्या लोकांसाठी त्यांनी प्राण वेचले, त्यांच्यातील चांगुलपणा त्यांना नेहमी दिसला असे म्हणता येत नाही. आज आपण ती पत्रे विवेकाने वाचावीत. त्यांची खरी प्रीती त्यांच्या लेखणीपेक्षा त्यांच्या पायांत अधिक दिसते.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर घाटावरचा मुलूख मिशनऱ्यांना खुला झाला होता. २ मार्च १८२६ रोजी हॉल मुंबईहून नाशिककडे निघाले. बरोबर दोन तरुण, पुस्तके आणि औषधे होती. नाशिकला पटकीची साथ भडकलेली त्यांना दिसली. त्यांनी आपल्याजवळची औषधे रोग्यांना वाटली, सुवार्ता सांगितली आणि १८ तारखेस परतीचा प्रवास सुरू केला. सिन्नरच्या बाजूला दोडी-दापूर येथे ते एका देवळाच्या पडवीत मुक्कामाला उतरले. तेथेही रोगी होते. उरलेले औषध त्यांच्या कामी आले. २० मार्चच्या पहाटे हॉल यांना स्वतःला पटकी झाली. आपला अंत जवळ आला हे वैद्यकी जाणणाऱ्या त्या माणसाने ओळखले, सोबत्यांना धीर दिला, प्रार्थना केली आणि देवाचे गौरव करीत दुपारच्या सुमारास प्राण सोडला. शवपेटी नव्हती, पाळक नव्हता. त्या दोन तरुणांनीच त्यांना मातीत ठेवले. वयाची ४२ वर्षे पुरी होण्यास काही दिवस कमी होते.

त्याच वर्षी, १८२६ मध्ये, मुंबईत मराठी नवा करार संपूर्ण छापून झाला.

त्या दिवशी कोणी हॉल यांच्या सेवेचा हिशेब मांडला असता, तर बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या अगदी नगण्य निघाली असती. आपल्या मंडळ्यांच्या वार्षिक अहवालात असे आकडे वाचले, तर आपण त्या सेवकाची बदली करावी असे सुचविले असते. पण मराठीत वाचता येणारी मुले, मराठी छापणारे मुद्रणयंत्र आणि मराठीत बोलणारा नवा करार या तीन गोष्टी त्यांच्यामागे राहिल्या आणि पाचच वर्षांनी अहमदनगरला गेलेल्या सेवकांच्या हाती त्या तयार होत्या.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळ जण अशाच फळ न दिसणाऱ्या कामात आहेत. कोणी रविवारच्या शाळेत चारच मुलांना शिकवतो, कोणी परक्या गावी परक्या भाषेत प्रभूची साक्ष देतो, कोणी वर्षानुवर्षे एकाच आजाऱ्याची शुश्रूषा करतो. त्यांनी दोडी-दापूरच्या त्या मातीची आठवण ठेवावी आणि उद्या सकाळी पुन्हा आपल्या फेरीला निघावे.