रेव्ह. स्टीफन हिस्लॉप

सोलापूर प्रांती ज्या काळ्या पाषाणात आपण विहिरी खोदितो, तोच पाषाण नागपुरापर्यंत पसरला आहे. त्याच्या पोटातील साक्ष ज्यांनी वाचिली, त्या हिस्लॉप साहेबांचे चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यात सांगतो.

ते १८१७ साली स्कॉटलंडात जन्मले व १८४५ साली मिशनरी होऊन नागपुरास आले. तेथे त्यांनी शाळा घातली. १८५१ साली ते व रेव्ह. हंटर यांस टाकळी येथे काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातील शंख, फळे व बिया दगड झालेल्या आढळल्या. म्हणजे भूमीतील तप्त रस वाहून थिजला, त्यावर तळी झाली, झाडे वाढली, आणि पुन्हा रस वाहिला. हे काम सहा दिवसांचे नव्हे. त्यास सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे लोटली, असे आता ठरले आहे.

१८५९ साली डार्विनचा ग्रंथ निघाला, आणि शास्त्र खरे की धर्म, असा वाद पेटला. हिस्लॉप साहेबांनी तर शंख लपविले नाहीत व उपदेशही सोडिला नाही. आपले शोध त्यांनी लंडनच्या भूगर्भशास्त्रज्ञांपुढे ठेविले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ते पुरात बुडून वारले. नागपुरातील हिस्लॉप कॉलेज त्यांचेच नाव चालविते.

प्रिय बंधूंनो, शाळेतून आलेल्या मुलाने सृष्टीच्या वयाविषयी प्रश्न केल्यास त्यास दटावू नका. कर्ता कोण, हे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. काळ किती लागला, हे पाषाणास विचारावे.