आधी मोजणारा माणूस

मासा कमी झाला की पहिला ठपका जाळ्यावर येतो. विल्यम फ्रान्सिस थॉम्प्सन यांचे चरित्र मला मोलाचे वाटते ते यासाठी, की ठपका ठेवण्याआधी त्यांनी मोजदाद केली.

जन्म १८८८ चा, अमेरिकेतला. पॅसिफिकमधल्या हॅलिबट माशाचा साठा अतोनात मासेमारीने घटतो आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. १९३७ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या संयुक्त आयोगाने फ्रेझर नदीतल्या सॅमनचे संशोधन त्यांच्याकडे सोपवले. सॅमन वाढतो समुद्रात, पण अंडी घालायला जन्मनदीत परततो. कॅनडातल्या या नदीची हेल्स गेट ही घळ १९१३-१४ मध्ये रेल्वेच्या कामातल्या दगडांनी अधिकच चिंचोळी झाली होती.

थॉम्प्सन यांच्या सहकाऱ्यांनी घळीखाली मासे धरले, त्यांना बिल्ले लावले आणि सोडून दिले. पाणी ठरावीक पातळीला असले की मासे तिथेच अडकतात, थकतात, असे दिसले. १९४५-४६ मध्ये माशांसाठी काँक्रीटच्या वाटा बांधल्या गेल्या. मासेमारीवरही आयोगाने बंधने घातली. पुढे मासे वाढले, पण १९१३ पूर्वीचे वैभव परतले नाही.

विल्यम रिकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने थॉम्प्सन यांच्या निष्कर्षांवर जाहीर आक्षेप घेतले. दोष घळीचा किती, जाळ्यांचा किती, हा वाद राहिला. मला तोही उपकारकच वाटतो. वाट मोकळी करून हात आवरला नाही, तर वर पोहोचायला मासा उरणार कुठून?

थॉम्प्सन १९६५ मध्ये वारले. २०१९ मध्ये याच नदीवर बिग बार येथे दरड आढळली, तेव्हा मासे हेलिकॉप्टरने पलीकडे नेले गेले. नदीची वाट एकदा मोकळी करून भागत नाही; ती राखावी लागते.